लग्नाच्या कारणास्तव

खैरुद्दीन ऑफिसात सहज बोलून गेला, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

१९६७ चा ऑक्टोबर होता. दुबईच्या समुद्रात तेल सापडल्याला वर्ष झालं होतं, आणि एका अमेरिकन ड्रिलिंग कंपनीच्या गोदामात खैरुद्दीन स्टोअरकीपर होता. त्या दिवशी डॉन नावाचे इंजिनिअर हेडक्लार्क लियाकतभाईंच्या टेबलाशी उभे होते. त्यांच्या बायकोचे काही कागद टाईप करून हवे होते. लियाकतभाई म्हणाले, "सॉरी सर, ऑफिसचा टायपिस्ट प्रायव्हेट काम करू शकत नाही." शेजारी नटबोल्टच्या पावत्या लावत असलेला खैरुद्दीन मान वर न करता म्हणाला, "माझी वाईफ टायपिंग जाणते, सर. मुंबईला शिपिंग ऑफिसात होती."

बोलला आणि जीभ चावली. लियाकतभाई त्याच्याच श्रीवर्धनचे, त्यांनीच त्याला इथे चिकटवलेलं. चष्म्यावरून त्यांनी असं पाहिलं की खैरुद्दीनच्या हातातल्या पावत्या विस्कटल्या.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा कुलसुम बांगडा साफ करत होती. तिने हात धुतले आणि विचारलं, "कधीपासून?"

"अगं, मी नुसतं बोललो. तुला नको असेल तर..."

"कधीपासून ते सांगा."

देऱ्यात, खाडीच्या अलीकडे, दोन खोल्यांच्या त्या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. सकाळी पाणीवाला गाढवावरून डबे घेऊन यायचा, दुपारी मरियमबी शेजारून यायच्या, "अजून काही नाही का गं?" असं तिच्या पोटाकडे बघत विचारायच्या, संध्याकाळी खैरुद्दीन यायचा. मधला सगळा वेळ कुलसुम घरात फिरत असायची. स्वच्छ भांडी पुन्हा घासायची, पेटीतले कपडे काढून परत घड्या घालायची. कशात मन लागत नाही असं नव्हतं. ज्यात लागेल असं काही हाताशी नव्हतं.

जुमेऱ्याला कंपनीचे पाच-सहा बंगले होते. शनिवारी कंपनीच्या जीपने तिला तिथे नेलं. इंजिनिअरची बायको कॅरल दारात उभीच होती. उंच, तिशीच्या आतली, केस कानापर्यंत कापलेले. जेवणाच्या टेबलावर छोटा टाईपरायटर होता आणि त्याच्या भोवती हाताने लिहिलेल्या पत्रांचे गठ्ठे.

"आठ बायांची पत्रं आहेत," कॅरल इंग्रजीत म्हणाली. "नववं माझं. वकिलाला प्रत्येकाच्या चार प्रती हव्यात. मी दोन बोटांनी मारते, पान पूर्ण होईपर्यंत रात्र होते."

कुलसुमने कागदांमध्ये कार्बन घातले, कडा ठोकून सारख्या केल्या आणि यंत्रात सरकवले. बोटं कळांवर ठेवली. पहिली ओळ अडखळत गेली, दुसरी नीट, आणि तिसऱ्या ओळीपासून बोटांना सगळं आठवलं. कॅरल बघत राहिली. "देवा," ती म्हणाली, "आणि तू घरी काय करतेस?"

कुलसुम चौथी ओळ मारू लागली.

ती पत्रं विमानात काम करणाऱ्या मुलींची होती. कुलसुम आधी फक्त अक्षरं बघायची, सवयीने. पण दुसऱ्या पत्रापासून ती वाचू लागली. एकीला बत्तिसावा वाढदिवस झाला म्हणून काढलं होतं. सोबतच्या मुलींनी विमानतळावर केक कापला आणि सोमवारी कंपनीचं पत्र आलं. एकीने लग्न करून ते दोन वर्षं लपवलं होतं. अंगठी कोटाच्या अस्तरात शिवून टाकलेली, आणि खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला नवरा 'चुलतभाऊ' म्हणून सांगितलेला. एका सकाळी कोणीतरी कळवलं आणि दुपारी तिचा गणवेश परत घेतला. सगळ्यांना महिन्याला वजनकाट्यावर उभं करायचे, ते प्रत्येक पत्रात होतं.

"हे अमेरिकेत?" कुलसुमने शेवटी विचारलं. "तुमच्याकडे?"

"आमच्याकडे," कॅरल म्हणाली. "मला लग्नानंतर सातव्या दिवशी काढलं. पाच वर्षं उडत होते मी. वादळात एकदा इंजिन बंद पडलं होतं, चाळीस माणसांना मी शांत बसवलं. आणि लग्न झाल्याबरोबर मी कामाला नालायक."

तीन वर्षांपूर्वी तिथे एक नवा कायदा झाला होता, नोकरीत भेदभाव करायचा नाही असा. काळ्या लोकांच्या लढ्यातून आलेला. त्यात शेवटच्या घटकेला 'स्त्री म्हणूनही नाही' असं घातलं गेलं. "ते घातलं तेव्हा सभागृहात लोक हसत होते," कॅरल म्हणाली. "विनोद वाटला त्यांना. पण छापलं गेलं. आता एक आयोग आहे वॉशिंग्टनमध्ये. आम्ही त्यांच्याकडे गेलोय."

कुलसुम शनिवार, सोमवार, बुधवार जाऊ लागली. कामाच्या मध्ये कॅरल फार बोलायची. बोलता बोलता उठायची, खिडकीपाशी जायची, परत बसायची. तिचाही पाय घरात ठरत नव्हता, हे कुलसुमने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. एकदा कॅरलने आजीचं सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी बायकांना मत हवं म्हणून आजी राष्ट्राध्यक्षांच्या फाटकाशी फलक घेऊन उभी राहिली होती, रोज, थंडीत, तोंडातून अक्षर न काढता. तुरुंगात टाकलं तर तिने अन्न सोडलं. नाकातून नळी घालून तिला दूध पाजलं.

"मग मिळालं मत?"

"तीन वर्षांनी. आजी म्हणायची, खलास झालं सगळं एकदाचं. म्हणजे ती इंग्रजीत म्हणायची," कॅरल हसली. दुबईत राहून 'खलास' तिच्याही तोंडी बसला होता. "पण झालं नव्हतं."

कुलसुमने मग आपल्या आईचं सांगितलं. पहिल्या निवडणुकीची यादी करायला कारकून श्रीवर्धनच्या घरी आला तेव्हा कुलसुम अकरा वर्षांची होती. कारकुनाने बाईमाणसाचं नाव विचारलं. आई दाराआड उभी, स्वतःचं नाव परक्या पुरुषाला कसं सांगायचं? दादा, म्हणजे आजोबा, म्हणाले, 'मोहिद्दीनची बायको, लिहा.' कारकून म्हणाला, तसं चालत नाही, नाव नसेल तर मत नाही. तेव्हा कुलसुम ओरडून म्हणाली होती, 'जैनब! तिचं नाव जैनब आहे!' रात्री दादांनी चांगलंच झापलं, पण नाव यादीत गेलं होतं.

"आणि तिने मत दिलं?"

"दिलं ना. आई तुरुंगात नाही गेली आमची, पण मला शिव्या पडल्या."

त्या दिवशी दोघी बराच वेळ हसल्या.

हे सगळं कुलसुमने मुंबईला धाकट्या भावाला, रफिकला कळवलं. रफिक गिरणगावात युनियनचं काम करायचा. तीन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. 'आपा,' त्याने लिहिलं होतं, 'तुझ्या मडमेला सांग, हे आपल्याकडेही होतं. औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मुलींना लग्न केलं की काढायचे. युनियन कोर्टात गेली, खालपासून वरपर्यंत. मालक म्हणाले, लग्न झालेल्या बायका गैरहजर राहतात. दोन वर्षांपूर्वी दिल्लीच्या सर्वात मोठ्या कोर्टाने सांगितलं, हा नियम अन्यायाचा आहे. मुली जिंकल्या. पेपरात एवढुसं आलं होतं. तू तेव्हा लग्नाच्या गडबडीत होतीस.'

कुलसुमने ते पत्र पाच वेळा वाचलं. मग घडी करून पुन्हा उघडलं. जेवण करपलं तेव्हा कुठे तिला भान आलं.

बुधवारी तिने ते कॅरलला इंग्रजी करून वाचून दाखवलं. कॅरल व्हरांड्याच्या पायरीवर बसली. "म्हणजे तुमच्याकडे निकाल लागलासुद्धा," ती हळू म्हणाली, आणि मग एकदम उठली. "आणि आम्ही अजून वजनकाट्यावर उभ्या आहोत! कुलसुम, हे माझ्या जबानीत घालायचं. वकील काढून टाकेल तर टाकू दे. आपण घालायचं."

तिची स्वतःची जबानीच तेवढी उरली होती. कच्चा मसुदा तयार होता. पुढच्या शनिवारी टाईप करायचं ठरलं.

शुक्रवारी नमाजनंतर लियाकतभाई घरी आले.

खुर्चीवर बसले, चहा घेतला, गावच्या चार गोष्टी बोलले. मग खैरुद्दीनकडे बघून म्हणाले, "सुपरिंटेंडंट साहेबांनी मला बोलावून विचारलं. कंपनीच्या पोस्टबॉक्सवर वॉशिंग्टनहून सरकारी पाकिटं येतात. मिसेस डॉन कुठल्यातरी विमान कंपनीवर केस करतायत. साहेब म्हणाले, नवऱ्याच्या कंपनीचा पत्ता वापरून असली लफडी नकोत. आणि मग म्हणाले, ते टाईप कोण करतंय?"

"तुम्ही काय सांगितलंत?" खैरुद्दीनने विचारलं.

"मला खोटं बोलता येत नाही, खैरू. तुला इथे मी आणलं. माझ्या शब्दावर आणखी सहा पोरं आहेत आपल्या गावची. बघ बाबा."

ते गेल्यावर खैरुद्दीनने कपबशा उचलून मोरीत ठेवल्या. स्वभावाने तो गरीब माणूस, आवाज चढवायचा नाही. "थोडे दिवस नको जाऊस," तो म्हणाला.

"हे तुम्ही सांगताय की लियाकतभाई?"

"मी सांगतोय."

कुलसुम गेली नाही. शनिवारी जीप आली, हॉर्न वाजवून परत गेली. सोमवारी आलीच नाही. कणीक मळताना तिची बोटं कणकेत अक्षरं उमटवायची. सकाळी ती खाडीपर्यंत चालत जायची, अब्र्याच्या होडीत बसून पलीकडे उतरायची, काहीच न घेता त्याच होडीने परत यायची. होडीवाल्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, काही हरवलंय का. रात्री खैरुद्दीनला कूस बदलल्याचे आवाज ऐकू यायचे, तोही जागाच असायचा. असे तेरा दिवस गेले.

चौदाव्या दिवशी पुन्हा शुक्रवार होता. दुपारी गल्लीत जीप थांबली आणि कॅरल स्वतः उतरली. मरियमबी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी. कॅरल आत आली, खैरुद्दीनला पाहून तिने मान लववली आणि उभ्यानेच म्हणाली, "मी भांडायला आले नाही. वकिलाची तारीख आली आहे, मंगळवारच्या टपालाने जबानी निघायला हवी. मी हातानेच लिहून पाठवते. फक्त विचारायचं होतं, तुला त्रास झाला का माझ्यामुळे?"

"नाही," कुलसुम म्हणाली.

"झाला असेल तर मला माफ कर." तिने मसुद्याचे कागद पिशवीत परत घातले.

ती दाराकडे वळली तेव्हा कुलसुम खैरुद्दीनला मराठीत म्हणाली, "मुंबईची नोकरी मी का सोडली, तुम्हाला माहीत आहे?"

खैरुद्दीन गोंधळला. "लग्न झालं म्हणून."

"लग्नाच्या आधी वीस दिवस. साखरपुड्याचे पेढे घेऊन गेले साहेबांकडे. त्यांनी मुबारक म्हटलं, पेढा खाल्ला, आणि म्हणाले, मग या महिन्याची एकतीस तारीख शेवटची. मला कळलंच नाही. ते म्हणाले, घ्या कागद, लिहा. आणि त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. 'लग्नाच्या कारणास्तव मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' माझाच राजीनामा, मीच टाईप केला. एक चूक नाही त्यात. साहेब म्हणाले, शाबास, तुमच्यासारखी टायपिस्ट मिळणार नाही."

खैरुद्दीन म्हणाला, "मला वाटलं, तुला नको होती नोकरी. घरात सगळे म्हणाले, ती आपणहून सोडून आली."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"नाही." तो खाली बसला. "मी अब्बांना म्हटलं होतं, मुलगी ऑफिसात जाते, इंग्रजी लिहिते, तीच पाहिजे. तेवढ्यासाठी हो म्हटलं होतं मी."

"हे तुम्ही मला कधी सांगितलंत?"

कॅरलला यातलं काही कळत नव्हतं. ती दारात थांबली होती, जावं की राहावं ते न कळून. खैरुद्दीन म्हणाला, "आणि माझी नोकरी गेली तर?"

कुलसुमने ते हसण्यावारी नेलं नाही. प्रश्न खरा होता. श्रीवर्धनला चार माणसं त्याच नोकरीवर होती. "गेली तर दोघं शोधू," ती म्हणाली. "मी घरातच बसले, तर वेळ आल्यावर एकटे तुम्हीच शोधाल."

खैरुद्दीनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मग उठला, बाहेर गेला आणि जीपमधून टाईपरायटर उचलून आत घेऊन आला. कॅरलने तो सोबत आणला होता, न जाणो म्हणून. दारातल्या बायकांकडे बघून तो म्हणाला, "मरियमचाची, जरा वाट द्या. काम आहे."

चटईवर बसून, पत्र्याच्या पेटीवर यंत्र ठेवून कुलसुमने कॅरलची जबानी टाईप केली. अकरा पानं, चार प्रती. भारतातल्या निकालाचा परिच्छेद तिने स्वतःच्या शब्दांत घातला, कॅरलने एक शब्दही बदलला नाही. तोवर खैरुद्दीनने दोनदा चहा केला. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायची वेळ आली. कंपनीचा पोस्टबॉक्स आता चालणार नव्हता. कॅरल पेन धरून थांबली. खैरुद्दीन म्हणाला, "आमचा घाला. मशिदीच्या मागे, देरा. पोस्टमन ओळखतो मला."

नोकरी गेली नाही. पण पुढच्या महिन्यात त्याची बदली रास अल खैम्याच्या यार्डात झाली. तिथे एक शेड, ड्रिलिंगच्या पाइपांचे ढीग आणि दोन राखणदार, एवढंच होतं. वाळूतला रस्ता, महिन्यातून एकदा घरी यायचं. लियाकतभाई म्हणाले, "मी सांगितलं होतं." खैरुद्दीनने ट्रंक उचलली आणि म्हणाला, "हो भाई, सांगितलं होतंत." जाताना कुलसुमला तो काही लागेल असं बोलला नाही, पण पहिल्यांदा घरी आला तेव्हा चेहरा उन्हाने काळवंडला होता. दुसऱ्या महिन्यात भांडण झालं. "त्या बाईची केस, आणि वाळूत मी," तो म्हणाला. कुलसुमने उलट उत्तर दिलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. तो गेल्यावर मात्र ती बसून रडली, आणि रडून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

१९६८ च्या जुलैत मशिदीमागच्या त्या पत्त्यावर पाकीट आलं. कुलसुम ते घेऊन भर उन्हात टॅक्सी करून जुमेऱ्याला गेली. कॅरलने उघडलं, वाचलं आणि कुलसुमच्या हातात दिलं. आयोगाने म्हटलं होतं, लग्न झालं म्हणून काढणं कायद्याच्या विरुद्ध आहे. विमान कंपनीला तिला परत घ्यावं लागेल, नाहीतर कोर्टात उत्तर द्यावं लागेल. भारताच्या निकालाचा त्यात उल्लेख नव्हता. वकिलाने तो परिच्छेद काढला होता की आयोगाने वाचला नव्हता, ते कधीच कळलं नाही.

कुलसुमला वाटलं होतं कॅरल नाचेल. पण ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. "डॉनचं इथलं काम अजून तीन वर्षांचं आहे," ती म्हणाली. "मी जिंकले तर काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता."

"तुम्हाला जायचंय?"

"हो," कॅरल म्हणाली, आणि मग रडू लागली. "हो. आणि त्याला सोडून नाही जायचं. दोन्ही खरं आहे."

कुलसुम तिच्याशेजारी उभी राहिली. तिला रास अल खैम्यातली शेड दिसत होती.

ऑगस्टमध्ये कॅरल गेली. सहा महिने उडून बघते, मग ठरवू, असं नवराबायकोत ठरलं होतं. टाईपरायटर तिने कुलसुमकडे ठेवला. विमानतळावर दोघींनी मिठी मारली नाही, हात हातात घेतले आणि सोडले.

सप्टेंबरात खाडीकाठच्या एका जहाज एजन्सीला टायपिस्ट हवा असल्याचं कुलसुमने ऐकलं. मॅनेजर गुजराती होते, मुंबईहून आलेले. त्यांनी एक पान टाईप करून घेतलं, घड्याळात बघितलं आणि छापील नेमणूकपत्र पुढे केलं. "यहां साइन करो, बेन."

कुलसुमने ते पहिल्या ओळीपासून वाचलं. सहावी अट अशी होती की स्त्री कर्मचाऱ्याला दिवस गेल्यास तिने राजीनामा द्यावा.

"ये लाइन काट दीजिए," ती म्हणाली.

मॅनेजर हसले. "अरे, हेड ऑफिस का फॉर्म है. कोई लागू थोडी करता है."

"लागू करत नाही, तर खोडायला हरकत काय?" हे मराठीतच निघालं, पण त्यांना कळलं.

त्यांनी पंख्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग त्या पानाकडे, ज्यात एकही चूक नव्हती. "बाहर बैठो," ते म्हणाले.

ती बाहेरच्या बाकावर बसली. आतून फोनवर बोलल्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. उठून जावं असं तिला तीनदा वाटलं. एकदा ती पायऱ्यांपर्यंत जाऊनही आली. अर्ध्या तासाने चपराशी तिला आत घेऊन गेला. सहाव्या ओळीवर लाल रेघ होती आणि शेजारी मॅनेजरची सही. "छह महीने टेंपररी," ते म्हणाले. "उसके बाद देखेंगे, इन्शाल्ला."

कुलसुमने सही केली.

त्या आठवड्यात खैरुद्दीन घरी आला तेव्हा दाराला कुलूप होतं. मरियमबींच्या ओट्यावर तो दोन तास बसला, त्यांचे प्रश्न ऐकत. कुलसुम सहा वाजता आली, बोटांना कार्बनची निळाई लागलेली, आणि त्याला पाहून गल्लीतच थांबली. आता तो काय म्हणेल, याची तिने वाटभर तयारी केली होती.

"जेवलात?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तू नोकरी धरलीस, हे मला मरियमचाचीकडून कळलं."

"चिठ्ठी टाकली होती. यार्डात टपाल उशिरा जात असेल."

तो उठला. रागावलाय की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बहुधा त्यालाही कळत नव्हतं. "किल्ली दे," तो म्हणाला. तिने दिली. त्याने दार उघडलं, दिवा लावला आणि स्टोव्ह पेटवायला बसला. कुलसुम दारात उभी राहून म्हणाली, "सकाळी आठला जायचं असतं मला." खैरुद्दीन स्टोव्हला पंप मारत होता. "मग लवकर झोपू," तो म्हणाला.